रिकर्व्हवर बाण टेकवायचा कशावर? शिकारीसाठी रेस्ट निवडताना

धनुष्य घेताना सगळं लक्ष लाकडाकडे, लांबीकडे आणि पौंडांकडे, म्हणजे दोरी ओढायला लागणाऱ्या जोराकडे जातं. बाण ज्या बोटभर जागेवर टेकतो ती जागा, म्हणजे रेस्ट, सगळ्यात शेवटी आठवते. पण दोरी सुटल्यावर बाण धनुष्याला दोनच ठिकाणी शिवतो: मागे दोरीला आणि पुढे रेस्टला. गेल्या वर्षी माझ्या रिकर्व्हवर, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्यावर, हरणाच्या शिकारीसाठी रेस्ट ठरवताना मी जवळजवळ सगळा उन्हाळा घालवला. काय काय लावून पाहिलं, काय काढून टाकलं आणि शेवटी कशावर थांबले, ते सविस्तर सांगते.

मी अमेरिकेत, मिशिगन राज्याच्या आग्नेय भागात राहते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि ती तशीच राहावी असं माझं ठाम मत आहे. इथली गोष्ट वेगळी. दक्षिण मिशिगनमधून लांडगे केव्हाच गेले. पांढऱ्या शेपटीची हरणं मात्र शेतात, रानात, घरांच्या मागच्या अंगणात, सगळीकडे आहेत. राज्यात गाडी आणि हरीण यांच्या टकरीच वर्षाला पन्नास हजारांच्या वर नोंदल्या जातात. शिकारीला परवाना लागतो, प्रत्येक हरणामागे टॅग, म्हणजे मारलेल्या हरणाला बांधायची चिठ्ठी लागते, आणि १९६० पासून पुढे जन्मलेल्यांना परवान्याआधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो, बंदुकीचा १५ नोव्हेंबरला. धनुष्य आणि त्याच्या जोडसामानावर ११ टक्के केंद्रीय कर असतो आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जातो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याची ही व्यवस्था पुढे धनुष्यबाणालाही लागू झाली. काही डॉलरचा रेस्ट घेतला तरी त्यातला थोडा वाटा रानापर्यंत पोहोचतो, याचं मला समाधान आहे.

माझं धनुष्य ६० इंची, एकसंध लाकडी मुठीचं. माझी ओढ, म्हणजे मी दोरी जिथवर ओढते ते अंतर, साडेसव्वीस इंचांची आणि तिथे ते ४० पौंड भरतं. बाण कार्बनचे, मागे टर्कीची पाच इंची पिसं. पुढचं टोक धरून एका बाणाचं वजन सुमारे ४५० ग्रेन, म्हणजे २९ ग्रॅम. सुटताना वेग सेकंदाला दीडशे फुटांच्या आसपास. रायफलची गोळी याच्या पंधरा-वीस पट वेगानं जाते. बाण हरणाला मारतो तो धक्क्यानं मारत नाही, कापून मारतो. पात्याचं टोक दोन्ही फुप्फुसांमधून आरपार गेलं तर हरीण काही सेकंदांत कोसळतं. बाण तिरपा, शेपूट हलवत जाऊन लागला तर त्याची ताकद शिरण्याऐवजी वाकण्यात खर्च होते. ६० पौंडांचं धनुष्य ओढणाऱ्याला यात थोडीफार सूट मिळते. ४० पौंडांवर ती मिळत नाही. म्हणून बाण धनुष्यातून सरळ निघणं ही माझ्यासाठी त्या जनावराप्रति असलेली जबाबदारी आहे, आणि रेस्टचा विचार मी तिथूनच सुरू केला.

बाण धनुष्यातून कसा निघतो हे आधी सांगायला हवं. बोटांनी दोरी सोडली की ती बोटांवरून घरंगळत थोडी बाजूला सरकते. मागून जोर, पुढे टोकाचं वजन, त्यामुळे बाण वाकतो. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. पाण्यात मासा अंग वळवत पुढे जावा तसा तो मुठीला वळसा घालून निघतो. धनुष्य मध्ये आडवं असूनही बाण नेमावर जातो, याला इंग्रजीभाषक तिरंदाज ‘आर्चर्स पॅरॅडॉक्स’ म्हणतात. १९३० च्या दशकात क्लॅरन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञानं अतिवेगवान कॅमेऱ्यानं हे वाकणं टिपलं, तेव्हा कुठे ते डोळ्यांना दिसलं. बाण किती वाकेल हे त्याच्या ताठपणावर, म्हणजे स्पाइनवर ठरतं. आणि वाकलेला बाण मुठीला न आपटता बाहेर पडेल का, हे बरंचसं रेस्टवर.

साताऱ्याच्या प्रवीण जाधवला टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्यांनी पाहिलं असेल त्यांना ऑलिंपिकचं रिकर्व्ह आठवेल. धातूची मूठ, बाणाखाली बारीक तार आणि बाजूला स्प्रिंगचं बटण. त्या बटणाला प्लंजर म्हणतात. व्हिक बर्गर या अमेरिकन तिरंदाजाच्या नावावरून जुने लोक त्याला बर्गर बटणही म्हणतात. स्प्रिंगचा ताण आणि बटणाची लांबी बदलून बाण कसा निघावा हे अगदी बारीक जुळवता येतं. अचूकतेच्या दृष्टीनं याच्या पुढे काही नाही. पण त्यासाठी मुठीत आरपार आटे पाडलेलं भोक लागतं. माझ्या लाकडी मुठीला ते नव्हतं आणि ते पाडायची माझी तयारी नव्हती. शिवाय ती तार झाडीत एका फांदीला अडली की वाकते. हा पर्याय मी तिथेच सोडला.

मग राहिले तीन: मुठीच्या खिडकीत, म्हणजे बाणासाठी कापलेल्या खाचेत, चिकटवायचा प्लॅस्टिकचा रेस्ट, पिसांचा रेस्ट, आणि काहीच न लावता थेट शेल्फ. मुठीच्या वर बाणासाठी लाकडात जी पायरी कोरलेली असते तिला शेल्फ म्हणतात.

सुरुवात प्लॅस्टिकनं केली. यात होइटचा सुपर रेस्ट आणि बेअरचा वेदर रेस्ट ही नावं इथे वर्षानुवर्षं चालत आलेली आहेत. त्याच पद्धतीचे इतरही बरेच मिळतात. मागे चिकटपट्टी, पुढे लवचिक दांडी, बाजूला छोटी पट्टी. लावायला पाच मिनिटं. बाण शेल्फपासून जवळजवळ अर्धा इंच वर उचलला जातो, त्यामुळे पिसांना खाली काही घासत नाही. पिसांऐवजी प्लॅस्टिकची पाती, म्हणजे वेनं लावलेले बाणही यावरून नीट जातात. पिसं दबतात, वेनं दबत नाहीत. शेल्फवरून वेनं मारली तर ती आपटून बाण उडतो, म्हणून पावसाळी हवेसाठी वेनं हवी असणाऱ्यांना उंच रेस्टशिवाय गत्यंतर नाही.

अंगणातल्या लक्ष्यावर वीस यार्डांवरून माझा सगळ्यात घट्ट पुंजका याच रेस्टवर पडला. हे मुद्दाम सांगते, कारण पारंपरिक मंडळींमध्ये शेल्फ म्हणजे खरं आणि बाकी सगळं कमअस्सल असा एक सूर असतो. तो मला पटत नाही. नव्या माणसाला शिकायला, धनुष्याला बाण जुळतोय का हे तपासायला उंच रेस्ट फार चांगला. दोरीवर बाण लावायची जागा, म्हणजे नॉकिंग पॉइंट, थोडी वरखाली झाली तरी तो सांभाळून घेतो.

शंका यायला लागल्या त्या लक्ष्यापासून दूर गेल्यावर. शिकारीत सरळ उभं राहून मारायची संधी क्वचित मिळते. गुडघ्यावर बसून, मचाणावरून कमरेत वाकून, फांद्यांमधून वाट काढत मारावं लागतं आणि त्यासाठी धनुष्य तिरकं धरावं लागतं. मी तर सरळ उभी असतानाही ते थोडं कललेलं धरते, डोळ्यासमोरचं मोकळं होतं. उजव्या बाजूला थोडं कलवलं तर बाण प्लॅस्टिकच्या दांडीवर बरा बसतो. पण मचाणावर हातमोजे घालून, बाण दोरीला लावून वाट पाहताना धनुष्य मांडीवर आडवं-तिडवं असतं आणि बाण दांडीवरून घसरतो. घसरला की मुठीवर टक्कन वाजतो. परत वर चढवायचा तर हात हलवावा लागतो.

आणि मग आवाज. पंधरा यार्ड म्हणजे ४५ फूट. माझ्या बाणाला तेवढं अंतर जायला सेकंदाचा सुमारे तीन दशांश वेळ लागतो. आवाज तिथे सेकंदाच्या चार शतांशात पोहोचतो. म्हणजे दोरीचा आवाज ऐकून हरीण खाली दबलं, तर बाण पोहोचेपर्यंत त्याच्याजवळ चिक्कार वेळ असतो. दोरीचा आवाज थोपवायला तिच्यावर लोकरीचे गोंडे बांधता येतात. पण बाण ओढतानाचा आवाज त्याच्याही आधीचा. तो ऐकू गेला तर धनुष्य पूर्ण ताणलं जाण्याआधीच हरीण मान वर करतं.

हे नीट तपासायचं ठरवलं. रात्री घरातली सगळी निजल्यावर तळघरात फ्रिज आणि हीटर बंद करून, मुठीजवळ फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवून मी समोरच्या लक्ष्याकडे तोंड करून बाण सावकाश ओढायचा आणि सावकाश परत सोडायचा, असं प्रत्येक रेस्टवर करत गेले. कार्बनचा बाण कडक प्लॅस्टिकवरून येताना बारीक किरकिर करतो. उन्हाळ्यात अंगणात ती कानाला जाणवतही नाही, कारण पाखरं, गाड्या, गवत कापायची यंत्रं चालू असतात. रेकॉर्डिंगमध्ये ती स्वच्छ ऐकू येत होती. दांडीवर फेल्टची पातळ पट्टी चिकटवली, किरकिर गेली. काही दिवसांच्या सरावात फेल्ट झिजून पुन्हा प्लॅस्टिक उघडं पडलं. दुसरी लावली, तिचीही तीच गत. दर वेळी जाडी थोडी वेगळी, म्हणजे बाणाची उंचीही थोडी वेगळी.

शेवटी धनुष्य रात्रभर पावसात, पोर्चच्या कठड्यावर ठेवलं. सकाळी चिकटपट्टीचा एक कोपरा सुटलेला होता. मुठीवरचं पॉलिश नीट पुसून, जागा थोडी खरवडून चिकटवला तर तो जास्त टिकतो हे खरं. तरीही नोव्हेंबरच्या थंडीत, रस्त्यापासून मैलभर आत, फक्त गोंदावर टिकून असलेल्या वस्तूवर भिस्त ठेवायला माझं मन घेईना.

पिसांच्या रेस्टवर फार वेळ घालवला नाही. टर्कीच्या पिसाचे दोन कडक तुकडे शेल्फवर चिकटवायचे, त्यांच्या कडेवर बाण टेकतो. आवाज जवळपास नाही, बाण सुंदर निघतो, जुने शिकारी आजही तो वापरतात. पण ओला झाला की मऊ पडतो, आणि एका बाजूनं झिजत जातो तसा बाण रोज थोडा खाली येतो. ज्यांना स्वतः पिसं चिरून आठवड्याला नवा रेस्ट लावायला आवडतं त्यांनी जरूर करून पाहावा.

शेल्फकडे मला नेलं ते शेजारच्या काकांनी. ते मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. साठच्या दशकातलं बेअर कंपनीचं रिकर्व्ह त्यांच्याकडे अजून आहे. मिशिगनमध्ये धनुष्याच्या शिकारीचं नाव काढलं की फ्रेड बेअरचं नाव येतंच. १९४७ मध्ये त्यानं कारखाना उत्तरेला ग्रेलिंगला नेला आणि तिथे तयार झालेली धनुष्यं या राज्यात घराघरांत गेली. काकांच्या धनुष्याच्या शेल्फवर केसाळ पट्टीचा छोटा तुकडा होता, बाणाच्या वाटेवर झिजून गुळगुळीत झालेला. मी विचारलं, हा शेवटचा कधी बदलला? काका म्हणाले, “आठवत नाही. आणि आठवत नाही म्हणूनच तो चांगला. रानात गेल्यावर ज्या गोष्टीकडे लक्ष द्यावं लागत नाही तीच धनुष्यावर ठेव.”

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. शेल्फवर बाण मुठीतल्या हाताच्या अगदी लगत असतो. मी नेम धरायला धनुष्यावर काही साधन लावत नाही, हरणाच्या अंगावरचा एक केस निवडून त्याच्याकडे पाहते आणि ओढते. बाण जितका हाताजवळ, तितकं हातानं बोट दाखवावं तसं नेम धरणं सोपं जातं. उंच रेस्टवर हात आणि बाण यांच्यातलं अंतर वाढतं आणि जवळच्या अंतरावर बाण वर लागण्याकडे माझा कल होता.

तर शेल्फ. ‘काहीच न लावणं’ असं मी वर म्हटलं खरं, पण प्रत्यक्षात सगळ्यात जास्त काम शेल्फवरच करावं लागलं.

माझ्या धनुष्याचा शेल्फ जवळजवळ सपाट होता. सपाट शेल्फवर बाण लांबच लांब टेकतो. त्यामुळे घासणंही लांब, पिसांचा त्रासही जास्त, आणि मूठ हातात जरा पिळली तर बाणाचं तोंड फिरतं. बाण एकाच बिंदूवर टेकायला हवा. तो बिंदू मुठीतला जो सगळ्यात खोल भाग हाताच्या खोबणीत बसतो, बरोबर त्याच्या वर असावा. धनुष्य हातात पिळतं ते त्या जागेभोवती. बाण त्याच जागेवर टेकलेला असला तर पिळण्याचा परिणाम सगळ्यात कमी. म्हणून काडेपेटीतल्या काडीचा शेल्फच्या रुंदीएवढा तुकडा कापला, तो त्या जागी आडवा चिकटवला आणि त्याच्यावरून मऊ पट्टी लावली. बारीकसा उंचवटा तयार झाला. बाजूच्या भिंतीवरही तसाच, उभा. तिथे पट्टीऐवजी पातळ चामडं.

वरून काय लावायचं यातही निवड आहे. वासराचं केसाळ कातडं इथे पारंपरिक समजलं जातं, दिसायला देखणं आणि आवाजाला उत्तम. पण भिजलं की केस चिकटून बसतात आणि वाळायला वेळ घेतात. मी वेल्क्रोची मऊ बाजू निवडली. आकडे असलेली बाजू चुकूनही लावू नये, ती कार्बनवर करवतीचा आवाज काढते. मऊ बाजू झटकली की पाणी जातं, आणि झिजली तर एका डॉलरमध्ये दुसरी. बाजूच्या चामड्याला मात्र मेण चोळून घेतलं, कारण चामडं पाणी प्यालं की फुगतं आणि बाण बाहेर ढकलला जातो.

नंतर नॉकिंग पॉइंट. उंच रेस्टवर तो, बाण दोरीशी काटकोनात बसतो त्या जागेपासून, साधारण १/४ इंच वर होता. शेल्फवर त्यापेक्षा वर न्यावा लागतो, सहसा १/२ ते ३/४ इंचाच्या दरम्यान. बाणाखाली तिन्ही बोटं ठेवून ओढणाऱ्यांचा आणखी थोडा वर. मी एक बोट वर आणि दोन खाली अशी ओढते, म्हणून ५/८ वरून सुरुवात केली. तपासायला पिसं नसलेला बाण मारला. पिसं बाणाला सावरून घेतात, त्यामुळे खोट झाकली जाते. बिनपिसांचा बाण जसा निघाला तसाच लागतो. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बाणाची शेपूट वर राहून लक्ष्यात घुसली तर नॉकिंग पॉइंट फार वर आहे असं वाटतं आणि माणूस तो खाली आणतो. शेल्फवर मात्र तो फार खाली असला तरी शेपूट वरच दिसू शकते, कारण बाणाचा मागचा भाग शेल्फवर आपटून उसळतो. म्हणून सुरुवात मुद्दाम वरून करायची आणि एका वेळी केसभर खाली यायचं. शेपूट सरळ होते तिथे थांबायचं. माझा बिंदू ५/८ च्या किंचित खाली स्थिरावला.

डाव्या-उजव्याचं गणित बाजूच्या पट्टीत असतं. मी उजव्या हातानं ओढते. बिनपिसांचे बाण पिसांच्या बाणांच्या उजवीकडे पडत होते, म्हणजे बाण धनुष्यासाठी मऊ पडत होता. प्लॅस्टिकच्या रेस्टच्या बाजूच्या पट्टीनं तो थोडा बाहेर धरलेला असायचा, ती गेल्यावर बाण मध्याकडे सरकला होता. नवे बाण घेण्याऐवजी चामड्याखाली आणखी एक पातळ थर घातला. बाण बाहेर सरकला की तो ताठ असल्यासारखा वागतो. पुंजके जवळ आले. अजून अर्धा थर, आणि दहा यार्डांवरून दोन्ही प्रकारचे बाण एकमेकांना खेटून लागायला लागले. त्या संध्याकाळी मला जो आनंद झाला तो नेमका मोजता येणार नाही. रेस्ट कोणता यापेक्षा तो आपल्या बाणाशी किती जुळवला आहे यावर सगळं अवलंबून असतं, हे तेव्हा हातानं कळलं.

पिसांबद्दल दोन शब्द. शेल्फवरून मारताना वेगळ्या रंगाचं पीस बाहेरच्या बाजूला ठेवलं तर एक पीस भिंतीला आणि एक शेल्फला घासत जातं. पिसं दबतात, त्यामुळे बाणाला अडत नाहीत. पण पिसाच्या देठाचं पुढचं टोक टोकदार असतं आणि बाण हाताच्या इतका जवळून जातो की ते तर्जनीच्या वरच्या बाजूला खरचटतं. देठ तासून बारीक करावा, त्याच्यावर गोंदाचा थेंब द्यावा, आणि तरीही पहिले काही आठवडे त्या बोटावर पट्टी लावावी.

पात्याच्या टोकाची काळजी त्याहून मोठी. मिशिगनच्या नियमाप्रमाणे हे टोक, म्हणजे ब्रॉडहेड, किमान ७/८ इंच रुंद लागतं. दाढीचं पातं बोथट वाटावं इतकं ते धारदार असतं. उंच रेस्टवर ते बोटापासून लांब असतं. शेल्फवर पूर्ण ओढीला ते थेट तर्जनीच्या वर येतं. बाण आपल्या ओढीपेक्षा एक-दीड इंच लांब ठेवायचा, पातं मुठीच्या पुढेच राहायला हवं, आणि बोट कधीही शेल्फवर वर येऊ द्यायचं नाही. ज्यांना बाण सावरायला तर्जनी वर न्यायची सवय आहे त्यांनी ती मोडेपर्यंत शेल्फवरून पाती मारू नयेत. हे मी अगदी गांभीर्यानं सांगते.

सप्टेंबरमध्ये साधी टोकं आणि तेवढ्याच वजनाची दोन-पाती ब्रॉडहेड आलटून पालटून मारली. जुळणी कच्ची असेल तर ब्रॉडहेड हवेत वल्ह्यागत वळतं आणि बाण भरकटतो हे इथे लगेच उघडं पडतं. दोन्ही एकाच जागी लागत होती. वीस यार्डांवर माझा शेल्फचा पुंजका प्लॅस्टिकच्या रेस्टपेक्षा थोडा मोठाच राहिला. तो पंधरा यार्डांवर तळहाताच्या आत होता आणि पंधराच्या पुढे बाण सोडायचा नाही हे मी ठरवूनच टाकलेलं. गुडघ्यावर बसून, वाकून, धनुष्य जवळजवळ आडवं धरून, कसंही मारलं तरी तो तितकाच राहत होता. तिथे निर्णय झाला.

ऑक्टोबरच्या शेवटी वॉटर्लू रिक्रिएशन एरियातल्या सरकारी रानात मचाण बांधलं होतं. पहाटेपासून बारीक पाऊस. बाण शेल्फवर तसाच बसून होता, हात धनुष्यावर विसावलेला. उजाडल्यावर ओकच्या झाडाखाली पडलेली फळं टिपत एक मादी आली, एकटी. आधी तिचं तोंड माझ्याकडे होतं म्हणून थांबले. मग ती वळली, पुढचा पाय पुढे टाकला आणि खांद्याच्या मागची जागा मोकळी झाली. माझ्या आणि तिच्या मध्ये एक वाळकी फांदी आडवी होती, तिच्या खालून वाट होती. कमरेत वाकून धनुष्य आडवं केलं आणि ओढलं. तिचा कानही हलला नाही. बाण दोन्ही फुप्फुसांतून आरपार जाऊन पलीकडच्या मातीत उभा राहिला. ती धावत गेली आणि माझ्या नजरेच्या टप्प्यातच पडली. मी तरी अर्धा तास वर बसून राहिले, कारण घाईनं उतरून जखमी जनावराला पळवणं हे पाप आहे असं काकांनी आधीच बजावलं होतं. खाली आल्यावर आधी तिच्याजवळ बसले, हात जोडले, मग टॅग बांधला. कोल्हापूरच्या घरात वाढलेली असल्यानं मटणाचं काय करायचं हे कुणाला विचारावं लागलं नाही. पण ते मांस ताटात येईपर्यंतचा प्रत्येक टप्पा आपल्या हातून गेलेला आहे, ही जाणीव मला बाजारातल्या मटणानं कधी दिली नव्हती.

शेल्फवरची पट्टी मी हंगामाआधी बदलते, म्हणजे नवी पट्टी दबून बसायला सरावाचे काही आठवडे मिळतात. ऐन हंगामात बदलली तर बाण सुरुवातीला किंचित वर राहतो. शेल्फवरचा उंचवटा आणि नॉकिंग पॉइंट यांची मापं मी मुठीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवली आहेत, काही सुटलंच तर पुन्हा तिथेच लावता येतं.

मला जे लागू पडलं ते सगळ्यांना पडेल असं नाही. माझ्या नवऱ्यानं यंदा धनुष्य हातात घेतलं आहे. त्याची मूठ धातूची, प्लंजरचं भोक पाडलेली. तो तिन्ही बोटं बाणाखाली ठेवतो, धनुष्य सरळ उभं धरतो, आणि हरणामागे जाण्यात त्याला रस नाही, त्याला फोमची जनावरं मांडलेल्या स्पर्धांना जायचं आहे. त्याच्यासाठी शेल्फचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. उंच रेस्ट आणि प्लंजर मागवला आहे, येत्या शनिवारी बसवायचा आहे. बाण मात्र पिसांचेच घे, असं मी त्याला सांगते आहे. त्याला वेनं हवी आहेत. बिनपिसांच्या बाणावर जुळणी झाली की दोन्ही मारून बघू, मग ठरवू.